डफडे, यंत्र आणि वाजवणारा हात

दलित साहित्याच्या समीक्षेने शब्दाचा विचार पुष्कळ केला. कविता, कथा, आत्मकथन यांतील जाणिवा, नकार, विद्रोह यांची चर्चा गेली पन्नास-साठ वर्षे होत आली आहे. शाहिरीकडे मात्र 'प्रचाराचे साधन' म्हणून पाहिले गेले, आणि शाहिराच्या मागे उभे राहून ढोलकी किंवा डफ वाजवणाऱ्याकडे तर पाहिलेच गेले नाही. शब्दाची समीक्षा झाली, तालाची झाली नाही. या दुर्लक्षाची किंमत आज मोजावी लागत आहे. कारण आज गाणे जिथे तयार होते तिथे ताल आधी येतो आणि शब्द मागून येतो.

हे ठिकाण म्हणजे घर. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा, मानोरा या सहाही तालुक्यांच्या वस्त्यांतून आज असे तरुण भेटतात की, ज्यांच्याजवळ एक जुना लॅपटॉप, एक हेडफोन आणि कुठून कुठून उतरवून घेतलेले आवाज एवढेच भांडवल असते. त्यावर ते 'बीट' बनवतात. म्हणजे यंत्रात ताल बांधतात, त्यावर स्वर रचतात आणि मग स्वतः किंवा एखादा मित्र त्यावर गातो, रॅप करतो. कधी १४ एप्रिलच्या मिरवणुकीसाठी, कधी वरातीसाठी, कधी नुसत्या हौसेसाठी हे चालते. या तरुणांचे प्रश्न दोन असतात. साधने कोणती घ्यावीत? आणि हात कसा सुधारावा? पहिला प्रश्न दुकानदाराचा, दुसरा शिकवणीवाल्याचा, असे समजून आपल्या टीकाकारांनी ते बाजूला ठेवले. आमच्या मते हे दोन्ही प्रश्न आपल्या सांस्कृतिक चळवळीचे आहेत, आणि त्यांचे उत्तर शोधताना तिसरा एक प्रश्न टाळता येत नाही: यंत्रात जो ताल बसवायचा, तो कोणाच्या हातचा?

वऱ्हाडच्या गावगाड्यात ताल हा जातीचा होता. बकऱ्याचे कातडे कड्यावर ताणून बसवायचे, विस्तवावर शेकून सुरात आणायचे आणि दोन काड्यांनी वाजवायचे, असे हे डफडे. पश्चिम महाराष्ट्र त्याच्या भावंडाला हलगी म्हणतो. ते कुठे मातंगांकडे होते, कुठे महारांकडे. लग्न असो, पोळा असो, देवीची यात्रा असो की गावात द्यायची दवंडी असो, डफड्यावाचून चालत नसे. आणि वाजवणाऱ्याला मात्र मांडवात जागा नसे. त्याचा आवाज आत जाई, तो बाहेर उभा राही. त्याच्या कलेला मोबदला नव्हता, तर उरलेसुरले होते. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मृत मांस आणि शिळे तुकडे सोडण्याचे आवाहन केले. पुढल्याच वर्षी महार वतनाचा प्रश्न मुंबईच्या कायदेमंडळात गेला. वऱ्हाड त्या इलाख्यात नव्हते, तो कायदा इथला नव्हता. पण गावकीची कामे नाकारण्याचा विचार सीमा ओलांडून आला. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि त्यानंतर कित्येक घरांनी डफडे खुंटीवरून उतरवले ते कायमचे. त्या नकारावर एकही कविता लिहिली गेली नसती, तरी ती कृती कवितेइतकीच मोलाची ठरली असती.

पण हा नकार तालाला होता काय? नव्हता. याच काळात, किंबहुना त्याआधीपासून, आंबेडकरी जलसा उभा राहिला. सत्यशोधक जलशाचा वारसा घेऊन भीमराव कर्डकांसारख्या कलावंतांनी तमाशाचा साचा घेतला. त्यातला गण बदलला, गौळण वगळली, बतावणीत देवाधर्माची आणि सावकाराची उलटतपासणी आणली. ढोलकी मात्र ठेवली. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) मोजक्या वाद्यांनिशी गावोगाव फिरले. १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले, तेव्हा त्यांनीही डफ आणि ढोलकी यांनाच हाती घेतले. म्हणजे ज्यांनी लाचारीचे वादन सोडले, त्यांनीच स्वाभिमानाचे वादन सुरू केले. नकार होता तो वाजवायला लावण्याला, वाजवण्याला नव्हता. हा फरक लक्षात ठेवला नाही, तर पुढचे काहीच नीट समजणार नाही.

१९८० च्या दशकात कॅसेट आली. ग्रामोफोन कंपनीची मक्तेदारी स्वस्त फितीने मोडली आणि प्रल्हाद शिंदे यांच्यासारख्यांचा आवाज खेड्यातल्या टपरीपर्यंत पोहोचला. हा मोठाच बदल होता. पण ध्वनिमुद्रणाचे यंत्र अजूनही मुंबईत होते, मालकाच्या हाती होते. गाणारा आपला होता, लिहिणारा आपला होता. काय छापायचे आणि कोणाला किती द्यायचे हे ठरवणारा आपला नव्हता. वेष्टनावर गायकाचे नाव येई, कवीचे कधी येई, कधी गळे. ढोलकी कोणी वाजवली याची दखल घेण्याची रीतच नव्हती. आज पहिल्यांदाच असे घडते आहे की, ज्यांच्या पूर्वजांच्या हातून ताल वाजवून घेतला गेला, त्यांच्याच नातवंडांच्या खोलीत ध्वनिमुद्रणाचे यंत्र येऊन बसले आहे. म्हणूनच ते यंत्र कसे वापरले जाते, हे बारकाईने पाहिले पाहिजे.

या यंत्राला स्वतःचा इतिहास आहे आणि तो आपल्याला परका नाही. म. ना. वानखडे यांनी मराठी वाचकाला निग्रो साहित्याची ओळख करून दिली. १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरांवरून घेतले. तेव्हा आपण तिकडून शब्द घेतला; आता आपला तरुण तिकडून ताल घेतो आहे. १९८० मध्ये रोलँड या जपानी कंपनीने टीआर-८०८ नावाचे तालयंत्र काढले. त्यातले आवाज खऱ्या ढोलाचे नव्हते, विजेच्या मंडलातून निघालेले होते. ते खोटे वाटतात म्हणून प्रतिष्ठित वादकांनी नाक मुरडले. सुमारे १२ हजार नग निघाले आणि १९८३ मध्ये उत्पादन थांबले. मग ही टाकून दिलेली यंत्रे जुन्या बाजारात स्वस्तात विकली जाऊ लागली आणि न्यूयॉर्क, डेट्रॉइट, अटलांटा इथल्या काळ्या तरुणांच्या हाती पडली. त्यांनी त्या 'खोट्या' ढोलाच्या लांब घुमणाऱ्या खर्जातून एक नवे संगीत उभे केले. १९८८ मध्ये अकाई कंपनीने रॉजर लिन यांच्या मदतीने एमपीसी-६० काढले. त्यावर सोळा चौकोनी गाद्या होत्या आणि बोटांनी आघात करून हवा तो आवाज वाजवता येई. डेट्रॉइटच्या जे डिला (१९७४–२००६) या कलावंताने अशा यंत्राची सरळ रेषा मोडली. त्याचे ठोके किंचित मागे-पुढे पडत, माणसासारखे. त्याचे यंत्र आज वॉशिंग्टनच्या आफ्रिकन-अमेरिकन इतिहास संग्रहालयात आहे.

या इतिहासातून आपण काय घेतले? आवाज घेतला, रीत घेतली नाही. काळ्या तरुणांची रीत अशी होती की, जे जवळ आहे ते घ्यायचे, यंत्र बनवणाऱ्याच्या मनात नव्हते तसे वापरायचे आणि आपल्या मोहल्ल्याचा, आपल्या घरातल्या जुन्या तबकड्यांचा आवाज त्यातून काढायचा. आपल्याकडे जयंतीसाठी बनणाऱ्या कित्येक ट्रॅकमध्ये काय ऐकू येते? सुरुवातीला भोंगा, मग कर्कश कृत्रिम तुतारी, मग छातीत धडकणारा ८०८ चा खर्ज, वर कुठल्या तरी तयार संचातला ढोल-ताशा, आणि या सगळ्यात एक नाव आणि एक घोषणा, पुन्हा पुन्हा. जलशात प्रश्न होते, उत्तरे होती, युक्तिवाद होता. इथे युक्तिवादाला जागाच उरलेली नाही. ज्या महामानवाने आयुष्यभर युक्तिवाद केला, त्याच्या नावाचे गाणे युक्तिवादावाचून चालते, ही गोष्ट आपल्याला सलत कशी नाही?

इथे एक सावधगिरी घेतली पाहिजे. मिरवणुकीतल्या डीजेवर प्रस्थापितांची जी टीका होते, तिच्यात सूर मिसळण्याचा आमचा हेतू नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे, रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ध्वनिक्षेपक बंद ठेवला आहे. नियम योग्य आहे आणि तो सर्वांना सारखा लावला पाहिजे. पण पुष्कळांना आवाजाचा त्रास वर्षातून एकाच मिरवणुकीच्या दिवशी आठवतो, हेही खरे आहे. आमची तक्रार आवाज मोठा आहे अशी नाही. तो आवाज आपला नाही, अशी आहे.

तो आपला का नाही, हे समजायला यंत्रात थोडे शिरावे लागेल. बीट बनवण्याच्या प्रत्येक संगणक-प्रणालीत एक जाळी असते. एका मात्रेचे चार समान भाग करून ठोके त्या चौकटींत बसवायचे. हाताने वाजवलेला ठोका मागे-पुढे झाला, तर एका कळीने तो रेषेवर ओढता येतो. त्यातल्या त्यात झोल हवा म्हणून रॉजर लिन यांच्या यंत्रांनी टक्केवारीची सोय केली: ५० टक्के म्हणजे सरळ, ६६ टक्के म्हणजे तिप्पट लयीचा झोका. पण हा झोल प्रत्येक दुसऱ्या ठोक्याला सारखाच लागतो. डफड्याचा झोल असा नसतो. जाड टिपरूचा आघात आणि बारीक काडीची चरचर यांच्यातले अंतर वरात चालताना एक असते, थांबून रंगात आली की दुसरे होते. वाजवणारा नाचणाऱ्याच्या पायाकडे पाहतो. जाळी कोणाच्या पायाकडे पाहत नाही.

तीच गोष्ट तयार आवाजांच्या संचांची. 'भारतीय तालवाद्ये' अशा नावाने जे संच मिळतात, त्यांत तबला हमखास असतो, ढोलक असते, मृदंग असते. डफडे, संबळ, दिमडी, टुणटुणे हे बहुधा नसतात. असले तरी दोन-चार आघातांपुरते, वाजवणाऱ्याच्या नावावाचून. मैफिलीची उतरंड यंत्राच्या पोटातही जशीच्या तशी उतरली आहे. टी. एम. कृष्णा यांनी २०२० मध्ये लिहिलेल्या 'सेबॅस्टियन अँड सन्स' या पुस्तकात मृदंग बनवणाऱ्या, मुख्यतः दलित ख्रिस्ती, कारागिरांची कहाणी सांगितली आहे. कातडे कमावणारा आणि मढवणारा एक, व्यासपीठावर बसणारा दुसरा. मैफिलीत तरी मढवलेले मृदंग दिसते. संचात तेही नाही. तिथे कातडे नाही, कारागीर नाही, वाजवणारा नाही. फक्त एक फाईल आहे.

आता साधनांचा प्रश्न घेऊ. आमचे म्हणणे असे की, साधनांची निवड या एका कसोटीवर करावी: आपल्या भोवतीचा खरा आवाज आत घेण्यास ती किती उपयोगी पडतात? आज निवड उलटी होते. आधी मोठे स्पीकर, मग दिव्यांची पेटी, मग महागडे संच. आणि मायक्रोफोनवर खर्च करायला पैसे उरत नाहीत.

घरच्या कामाला जुना पण बरा लॅपटॉप पुरतो. ८ जीबी स्मृती आणि एसएसडी असली म्हणजे झाले. टेबलावरच्या संगणकापेक्षा तो बरा. कारण वीज गेली तरी बॅटरीवर काम वाचते, आणि तो काखोटीला मारून वाजवणाऱ्याच्या घरी नेता येतो. प्रणालीच्या बाबतीत फार खल करू नये. एलएमएमएस आणि ऑडॅसिटी फुकट आहेत. रीपर साठ दिवस पूर्ण चालवून पाहता येते आणि नंतरचा परवानाही तुलनेने स्वस्त आहे. एफएल स्टुडिओची चाचणी प्रत वापरता येते. मात्र साठवलेले काम तिच्यात पुन्हा उघडत नाही, हे आधीच माहीत असावे. चोरून उतरवलेल्या प्रती बोकाळल्या आहेत, त्यांच्याबरोबर विषाणूही येतात. कोणतीही एक प्रणाली घ्यावी आणि वर्षभर बदलू नये.

मायक्रोफोन एकच घ्यायचा असेल, तर डायनॅमिक घ्यावा. शुअर कंपनीचे एसएम-५७ आणि एसएम-५८ हे १९६० च्या दशकापासून चालत आलेले नमुने त्याचे उदाहरण आहेत. त्याच जातीचे स्वस्त मायक्रोफोनही काम देतात. कंडेन्सर मायक्रोफोन नाजूक आवाज छान टिपतो, त्याला ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो. पण तो पंखा, टिनावरचा पाऊस, रस्त्यावरचा ट्रॅक्टर हेही तितक्याच प्रेमाने टिपतो. आपल्या खोल्या स्टुडिओसारख्या नसतात. डफडे तर मुळातच दणदणीत वाद्य. त्याला डायनॅमिक मायक्रोफोन दोन-तीन फुटांवरून सहज पेलतो. मायक्रोफोन आणि लॅपटॉप यांच्यामध्ये लागणारी ऑडिओ इंटरफेसची लहान डबी घ्यावी, एक-दोन मार्गांची पुरते. मुद्रण २४ बिटवर करावे आणि आवाजाचे शिखर शून्याच्या दहा-बारा डेसिबल खाली ठेवावे. पहिल्याच जोरदार आघाताला आवाज फाटला, तर मागून दुरुस्ती नाही. खोलीच्या भिंतींवर दोन-तीन जाड गोधड्या टांगल्या, की टणक प्रतिध्वनी बराच कमी होतो. खर्जाचा घुमारा गोधडीने जात नाही, तेव्हा कोपऱ्यात बसून मुद्रण करू नये. हेडफोन कान पूर्ण झाकणारा असावा, म्हणजे त्यातला आवाज मायक्रोफोनमध्ये गळत नाही.

हे सगळे मिळूनही मिरवणुकीतल्या भाड्याच्या भिंतीएवढ्या स्पीकरांपेक्षा स्वस्तच पडते. आणि यात एक विचार करण्यासारखी गोष्ट आहे. ८०८ चा खर्ज पन्नास हर्ट्झच्या आसपास असतो. मोबाइलचा इवलासा स्पीकर त्या खालच्या पट्टीला पोहोचतच नाही. तिथे तो ढोल जणू नाहीसा होतो. त्याला मोठी यंत्रणा लागते, भाडे लागते, वर्गणी लागते, ती गोळा करणारा पुढारी लागतो. डफड्याची टणत्कार आणि माणसाचा शब्द मात्र मधल्या पट्टीत असतात, ते साध्या फोनमधूनही स्पष्ट ऐकू येतात. म्हणजे जो ट्रॅक केवळ खर्जावर उभा आहे, तो वर्षातून एक दिवस जगतो. जो शब्दावर आणि डफड्यावर उभा आहे, तो शेतात सोयाबीन सोंगणाऱ्या बाईच्या फोनवरही जगतो. कोणासाठी गाणे करायचे हे ठरवले, की आवाज कोणता निवडायचा हे आपोआप ठरते. म्हणून तयार झालेला ट्रॅक आधी फोनवर ऐकावा. शब्द तिथे कळला नाही, तर काम पुरे झालेले नाही. यूट्यूबसारखी माध्यमे फार मोठ्या आवाजाचे गाणे स्वतःच साधारण उणे १४ एलयूएफएसच्या पातळीला खाली आणतात. तेव्हा आवाज दाबून दाबून फुगवण्यातही काही हशील नाही.

हात सुधारण्याचा प्रश्न यापेक्षा अवघड आहे. शिकवण्या पुष्कळ आहेत, त्या कळा दाबायला शिकवतात. कान कोण शिकवणार? आमच्या मते पहिला गुरू वाजवणाराच. डफडे वाजवणाऱ्याकडे जावे, आणि त्याला मेट्रोनोमच्या टकटकीवर बांधू नये. त्याला मोकळे वाजवू द्यावे, मुद्रण करावे, आणि मग यंत्राची जाळी त्याच्या ठोक्यांप्रमाणे वाकवावी. बहुतेक प्रणालींत ही सोय असते, वापरणारे थोडे. यंत्राने माणसाच्या मागे चालावे, माणसाने यंत्राच्या मागे नव्हे. सुटे आघात जमवायचे असतील, तर मधला, कडेचा, हाताने दाबलेला, नुसत्या काडीचा, असा प्रत्येक बोल हलक्या ते जोरकस अशा आठ-दहा आघातांत टिपावा. यंत्र जोर मोजते तो १ ते १२७ अशा आकड्यांत. पण जोर वाढला की डफड्याचा नुसता आवाज वाढत नाही, त्याचा रंग बदलतो. एकच आघात लहान-मोठा करून हा रंग येत नाही.

वाजवताना हेडफोनमध्ये आवाज उशिरा येतो, ही तक्रार नेहमीची. याचा हिशोब साधा आहे. यंत्र सेकंदाला आवाजाचे ४४,१०० तुकडे करते. एका वेळी १२८ तुकड्यांची मोळी बांधली, तर सुमारे २.९ सहस्रांश सेकंद लागतात. आवाज हवेतून एक मीटर जायला जवळजवळ तेवढाच वेळ घेतो. जाण्या-येण्याचा आणि यंत्राच्या इतर कामांचा वेळ धरून हा उशीर काही मीटरांएवढा होतो. वरातीत दोन वाजवणारे एकमेकांपासून इतक्या अंतरावर उभे असतातच आणि तरी ताल सुटत नाही. मुद्रण करताना मोळी लहान ठेवावी, मिश्रण करताना मोठी. उशिराची भीती बाळगून महागडी यंत्रे घेण्याची गरज नाही.

आणि शेवटचे कौशल्य म्हणजे वगळण्याचे. शब्द येतो तिथे तालाने बाजूला व्हावे. जलशातला ढोलकीवाला हे करीत असे. शाहीर बोलू लागला, की तो नुसता ठेका धरी, आणि कडवे संपले की तोडा वाजवी. श्रोत्याला विचार करायला मिळणारी जागा त्या ठेक्यात होती. यंत्राला थकवा नाही, म्हणून ते थांबत नाही. ते थांबवणे हे बनवणाऱ्याचे काम. अमरावतीच्या विपीन तातड यांच्यासारखे वऱ्हाडचे तरुण रॅपमधून बोलू लागले आहेत. मुंबईच्या 'स्वदेसी' या गटाने २०१९ मध्ये प्रकाश भोईर यांच्यासोबत वारल्यांच्या जमिनीचे गाणे केले. २०१८ च्या जानेवारीत चेन्नईत 'द कास्टलेस कलेक्टिव्ह' उभे राहिले, ते पराई आणि गाना घेऊन. या साऱ्यांत शब्दाला जागा आहे. रॅप ही मुळात बोलण्याची कला आहे; जलशाच्या बतावणीशी तिचे नाते जुळण्यासारखे आहे. ते नाते जोडण्याचे काम वऱ्हाडी बोलीत व्हायला हवे.

आता त्या आक्षेपाकडे येऊ, जो आमच्याच माणसांकडून येतो आणि जो सर्वांत वजनदार आहे. आमच्या आजोबांनी जे डफडे फेकून दिले, ते तुम्ही यंत्रातून परत का आणता? तमिळनाडूतही हा वाद झाला. पराई वाजवणे नाकारणे ही तिथे चळवळ होती आणि पराई मानाने हाती घेणे हीही चळवळ झाली. या आक्षेपाचे अर्धे उत्तर वर आले आहे: नकार सक्तीला होता. पण तेवढ्याने भागत नाही. कारण सक्ती गेली ती सर्वांची गेली नाही. आजही वरातीत डफडे वाजवणारा बहुधा मातंग आहे, भूमिहीन आहे, आणि डीजेमुळे त्याच्या सुपाऱ्या कमी झाल्या आहेत. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'ने (२०१३) हलगीचा आवाज पडद्यावर घुमवला, त्यातला जब्या झालेला मुलगाही गावात हलगी वाजवणाराच होता. पडद्यावर आवाज घुमला, म्हणून वाजवणाऱ्यांचे दिवस पालटले नाहीत. मानोरा तालुक्यात पोहरादेवीला ५ ऑक्टोबर २०२४ रोजी बंजारा संस्कृतीच्या संग्रहालयाचे उद्घाटन झाले. त्याच्या नावातच नंगारा आहे. गौरव झाला, चांगले झाले. पण वाद्याचा गौरव आणि वादकाचे जगणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपण तरी विसरू नये.

समजा, मंगरुळपीरच्या एका बौद्ध तरुणाने शेजारच्या मातंग वस्तीतील वाजवणाऱ्याला चहा पाजला, अर्धा तास वाजवून घेतले, फोनवर टिपले आणि त्या आघातांवर पाच ट्रॅक केले. ट्रॅक चालले. त्याचे नाव झाले. वाजवणारा पुन्हा मांडवाबाहेरच राहिला. गावच्या पाटलाने जे केले, त्याहून हे वेगळे काय? पाटलाने निदान दर लग्नाला बोलावले होते. यंत्राने एकदा बोलावून कायमचे मोकळे केले. सॅम्पल घेणारा हा नवा वतनदार आहे, आणि त्याने निळा झेंडा खांद्यावर घेतला म्हणून त्याचे वतन पवित्र होत नाही. महार-मांग यांच्यातला दुरावा गावगाड्याने पोसला. तो आपण घराघरातल्या यंत्रांत नव्याने पोसायचा काय?

याला उपाय आहे आणि तो कायद्यातही आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने वादकालाही हक्क दिले. २०१२ च्या दुरुस्तीने ते अधिक स्पष्ट केले. वादनाच्या मुद्रणावर वादकाचा हक्क ५० वर्षे चालतो, त्याची संमती लागते, आणि वादक म्हणून आपले नाव यावे असे म्हणण्याचाही त्याला अधिकार आहे. कायद्याच्या व्याख्येत मैफिलीचा उस्ताद आणि वरातीतला वाजवणारा असा भेद नाही. गारुडी आणि डोंबारीसुद्धा तिच्यात येतात. तेव्हा घरी बीट बनवणाऱ्याच्या साधनांत एक साधी वहीही असावी. कोणी वाजवले, कोणत्या दिवशी, किती बिदागी ठरली, ट्रॅकपासून काही मिळाले तर वाटा किती, हे तिच्यात लिहावे आणि दोघांनी सह्या कराव्यात. ट्रॅकखाली गायक आणि कवी यांच्या शेजारी वादकाचे नाव, त्याची हरकत नसेल तर त्याच्या गावासह, लिहावे. कोणाला नाव नको असेल, तर तोही त्याचा हक्क. डफड्याशी नाव जोडले जाणे आजही सर्वांना मानाचे वाटत नाही, आणि त्याला कारणे आहेत. पण मग बिदागी तरी चुकू नये.

यापुढची पायरी अशी की, वाजवणारा मायक्रोफोनपुढे येऊन निघून न जाता लॅपटॉपपुढे बसावा. त्याच्या मुलाने, मुलीने यंत्र शिकावे. बीट बनवणाऱ्याने डफडे शिकावे. मुलींचा उल्लेख आम्ही मुद्दाम करतो. गावगाड्याने तालवाद्य त्यांच्या हाती येऊ दिले नव्हते, आणि घरच्या खोलीत त्यांना अडवायला कोणी पाटील येत नाही. अडवलेच, तर आपणच अडवू.

दलित समीक्षेने एकेकाळी प्रस्थापितांना विचारले होते की, तुमच्या साहित्यात आमचा माणूस कुठे आहे? हाच प्रश्न आता आपल्या ट्रॅकला विचारला पाहिजे. या तालात वाजवणारा हात कुठे आहे, आणि त्याच्या हातावर काय पडले? ज्या ट्रॅकला या प्रश्नाचे उत्तर देता येईल, तो जलशाचा वारस. मग तो फुटक्या लॅपटॉपवर झालेला का असेना.